मंगळावरचा तो आणि उद्यमनगरातला मी

मित्रांनो, मी एक जुना, ओबडधोबड लोखंडाचा गोळा आहे. मंगळ ग्रहावर अगदी माझ्यासारखाच एक गोळा पडलेला आहे आणि मला त्याचा हेवा वाटतो. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू असलं काही शेवटपर्यंत दडवून ठेवतात. मी आधीच सांगून टाकतो, कारण हेवा पोटात ठेवून वर गोड बोलणं मला जमत नाही.

माझा जन्म पृथ्वीवरचा नाही. फार फार पूर्वी एका लहानशा ग्रहाच्या पोटात मी होतो, अगदी मधोमध, जिथे सगळं जड लोखंड उतरून बसतं. पुढे त्या ग्रहाची दुसऱ्या एकाशी टक्कर झाली आणि आमचे तुकडे तुकडे झाले. आम्ही भावंडं अंधारात भटकत राहिलो. कोण कुठे गेलं, कुणाला काही कळलं नाही. त्या काळात मला कुणाचा हेवा वाटला नाही, कारण तिथे कुणालाच काही मिळत नव्हतं.

मग एकदा पृथ्वीनं मला आपल्याकडे ओढून घेतलं. खाली येताना मी पेटलो. अंगाचं पाणी पाणी होऊन वाऱ्यानं उडून गेलं आणि ओल्या मातीत अंगठे दाबावेत तसे खड्डे माझ्यावर पडले. हे खड्डे लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे. आभाळ उजळलं, मोठा गडगडाट झाला, आणि पन्हाळ्याच्या डोंगराखाली मी जमिनीत रुतलो. एवढ्या थाटामाटात आलो, पण बघायला होतं कोण? तेव्हा तिथे ना गड होता ना गाव. एखादा गवा दचकून पळाला असेल, तेवढंच माझं स्वागत.

त्यानंतर मी नुसता पडून होतो. माझ्यावर माती चढली, गवत आलं, जोंधळा आला, शेवटी ऊस आला. वर एक गाव वसलं, त्याचं नाव कोडोली. १९९१ सालच्या उन्हाळ्यात बाळासो नावाच्या शेतकऱ्याच्या रानात ट्रॅक्टर खोल नांगरट करत होता. त्याचा फाळ माझ्यावर आदळला आणि वाकला. चार माणसांनी पहारी घालून मला वर काढलं. इतक्या काळानं उजेड दिसला, म्हणून मी खुशीत होतो. आता हे मला ओळखणार, असं मला वाटलं.

बाळासोनं माझ्यावरची माती पुसली, वजन करून पाहिल्यासारखं मला थोडं हलवलं आणि म्हणाला, "आरं, ह्यो तर गडावरच्या तोफंचा गोळा."

शेजारच्या रानातला गुंडू म्हणाला, "गोल कुठं हाय त्यो?"

"वरनं सुटला, खाली दगडावर आपटला. आपटल्यावर गोल ऱ्हाईल व्हय?"

गुंडूला ते पटलं. पन्हाळ्याच्या पायथ्याला हे असंच चालतं, मित्रांनो. तिथे जमिनीतून निघालेली प्रत्येक लोखंडी वस्तू गडाची असते. गंजकी सळई निघाली तर तो भाला, कडी निघाली तर ती हत्तीच्या साखळीची. मग मी तोफगोळा ठरलो, त्यात नवल ते काय?

खरं सांगायचं तर ते दिवस बरे होते. बाळासोनं दाराजवळ दगडी चौथरा बांधून मला त्यावर बसवलं. सणासुदीला मला हळदकुंकू लागायचं. शाळेतली मुलं रांगेनं यायची आणि मला हात लावून कपाळाला लावायची. बाळासोची धाकटी बहीण बायडाबाई कोल्हापुरात दिली होती. ती पंचमीला माहेरी आली की मला पाण्यानं धुवायची आणि पदरानं कोरडं करायची. सगळा मान मिळत होता. पण तो दुसऱ्याचा होता. ज्या गोळ्यानं आयुष्यात कधी तरी गडावरून झेप घेतली असेल, त्याचं पुण्य माझ्या खात्यावर जमा होत होतं. मला त्या न पाहिलेल्या गोळ्याचाही हेवा वाटायचा. त्याला फक्त गोल असणं पुरलं होतं.

आणि गोल नसणं हेच मला भोवलं. एका वर्षी जत्रेला एक पावणे आले. त्यांनी बऱ्याच गडांवरचे तोफगोळे पाहिले होते. त्यांनी चौथऱ्याभोवती एक फेरी मारली आणि जेवता जेवता सहज सांगितलं, "पावणं, तोफंचा गोळा असा नसतोय. घोटून गुळगुळीत केलेला असतोय. हे कुठल्या तरी भट्टीतलं ढेकूळ हाय."

बाळासोचा घास हातातच राहिला. बायडाबाई तेव्हा वाढत होती. तिनंही ते ऐकलं. पुढच्या सणाला मला कुंकू लागलं नाही. मग चौथऱ्यावर पाण्याची टाकी आली आणि माझी रवानगी परसात झाली. कोंबड्या झाकायचं डालगं मांजरानं पाडू नये म्हणून त्याच्यावर वजन लागतं, ते काम मला मिळालं. कालचा तोफगोळा आज कोंबड्यांच्या डोक्यावर. पुढे बाळासोच्या बायकोनं मला भंगारवाल्याला दिलं आणि बदल्यात एक स्टीलचा डबा घेतला. तो डबा लगेच फळीवर चढला. जाताना मी त्याच्याकडे एकदा पाहून घेतलं.

भंगारवाल्यानं मला कोल्हापुरात उद्यमनगरात आणून टाकलं. तिथे हंबीरराव मालकांची फौंड्री होती. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. पंपाचे भाग, इंजिनाचे भाग, असलं काही तिथे ओतत. भट्टीत घालण्याआधी भंगाराचे लहान तुकडे करावे लागत. हे काम पिराजी नावाच्या साचे भरणाऱ्या कारागिराकडे होतं. भंगारातलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, घणाच्या एका घावात बशीसारखं फुटतं. पिराजीनं माझ्यावर घण घातला. मी फुटलो नाही. त्यानं पुन्हा घातला. घणाचा दांडा मोडला.

"लई चिवट हाय की ह्यो," पिराजी कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "ऱ्हाऊ दे. वजनाला होईल."

अशी मला नोकरी लागली. साच्याच्या पेट्या एकावर एक ठेवतात आणि वरून उकळता रस ओततात. त्या रसाला असा जोर असतो की तो वरची पेटी उचलतो आणि फटीतून बाहेर फुटतो. म्हणून पेटीवर वजन ठेवायचं. मी एका गड्याला जड आणि दोघांना हलका होतो, त्यामुळे मोठ्या पेटीवर नेहमी मीच असायचो. माझ्या खालून धग यायची, वाफ यायची, पण मी कधी हललो नाही. माझ्या पेटीतून रस फुटला, असं कधी झालं नाही.

पण कौतुक कुणाचं व्हायचं? साच्यातून निघालेल्या भागाचं. "काय सुबक आलाय," असं म्हणून हंबीरराव त्याच्यावर टिचकी मारायचे. त्याचा टणत्कार ऐकून सगळे खूश व्हायचे. खंडेनवमीला फौंड्रीतल्या हत्यारांची पूजा असायची. घण, ऐरण, रस वाहायची पळी, पिराजीची साधी थापी, सगळ्यांना झेंडूची माळ आणि कुंकू. मला नाही. वजन म्हणजे काही हत्यार नव्हे. ज्या घणाचा दांडा माझ्यावर मोडला, तोच घण माळ घालून पाटावर बसायचा आणि मी कोपऱ्यात पेट्यांच्या मागे. चिडू नको तर काय करू?

त्या फौंड्रीत एक गोष्ट मात्र चांगली होती. बायडाबाई तिथेच कामाला होती. साच्यात पोकळी राहावी म्हणून आत वाळूचे घट्ट तुकडे ठेवतात, त्यांना कोअर म्हणतात. ती कोअर बनवायची. सगळे तिला बायडाक्का म्हणत. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हातातली वाळू टाकून उभी राहिली. "आगं बया, तू हितं?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. मी कुठला, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगून उपयोग काय होता? कोडोलीत माझा पोपट झालेला तिनं पाहिलाच होता.

आता मंगळावरच्या त्याची गोष्ट. २००५चा जानेवारी चालू होता. दुपारची जेवणाची सुट्टी झाली होती. पिराजी नेहमीप्रमाणे माझ्यावर बसून भाकरी खात होता. हो, मित्रांनो, तो माझ्यावर बसायचा. बायडाबाई समोर पोत्यावर बसली होती. तिची भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळलेली असायची आणि खाऊन झालं की ती तो कागद वाचायची. सातवी झालेली होती, वाचायची आवड होती.

"मंगळावर लोखंडाचा दगड घावलाय म्हणं," ती म्हणाली.

"कुणाला?" पिराजीनं कांद्याचा घास घेत विचारलं.

"गाडीला. अमेरिकेची सा चाकाची गाडी हाय, माणूस न्हाय त्यात. उतरताना तिचं कवच गळून पडलंतं, ते बघाय गेलती. तर शेजारी ह्यो दिसला."

"आपल्याकडं ढीग पडलाय की लोखंडाचा."

"तसला न्हाय. वरनं पडलेला. अशनी म्हणत्यात त्येला. दुसऱ्या ग्रहावर असा दगड पयल्यांदाच घावला, असं लिवलंय हितं. कवचाजवळ घावला म्हणून कवचाचा दगड म्हणाय लागल्यात."

त्या कागदावर फोटोही होता. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे.

"पिराजीदा, उठा जरा."

पिराजी भाकरी हातात घेऊन उठला. तिनं तो तेलकट कागद माझ्याशेजारी धरला. "बघा की. ह्येला बी असंच खड्डं हायती."

"घणाचं असतील."

"घणानं तुम्हाला कुठं एक ओरखडा काढता आला? दांडा मोडला तुमचा." मग ती हळूच म्हणाली, "ह्यो बी वरनंच पडला असंल का?"

पिराजीला तोंडात घास असताना हसू आलं. "वरनं पडायचं तर कुठंबी पडंल. उद्यमनगरात कशाला यील, बायडाक्का?" असं म्हणून तो पुन्हा माझ्यावर बसला.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. लोखंडाला झोप नसते, पण तुम्हाला समजावं म्हणून म्हणतो. तो बास्केटबॉलएवढा, मीही तेवढाच. त्याच्या अंगावर खड्डे, माझ्याही अंगावर. तो वरून पडला आणि मीही वरूनच पडलो. तो नुसता वाळूत लोळत पडला आणि मी कित्येक पंपांच्या भागांवर छातीचा कोट करून उभा राहिलो. तरी फोटो त्याचा. त्याच्यासाठी एवढ्या लांबून गाडी गेली. तिनं त्याला जवळून निरखलं, हात लावून तपासलं आणि त्याच्या पोटात काय आहे ते न फोडता ओळखलं. सगळ्या जगातल्या हुशार माणसांनी सांगितलं, हा अशनी आहे. आणि मला? मला ओळखायला कुणाला अमेरिकेतून यायची गरजही नव्हती. शेजारच्या शाहूपुरीतून चालत आलं तरी चाललं असतं.

शिवाय त्याच्याकडे पाऊस नाही. तो तिथे लखलखीत पडलाय. इथे कोल्हापूरचा पावसाळा लागला की माझ्या अंगावर तांबूस पापुद्रे धरतात आणि पिराजी ते चपलेच्या टोकानं उडवतो. सांगा, जळफळाट होणार नाही तर काय होईल? बायडाबाईनं तो फोटो कापून कोअरच्या खोलीत भिंतीवर खळीनं चिकटवला होता. दार उघडं असलं की मला तो दिसायचा. मी त्याच्याकडे बघत बसायचो आणि मनात एकच असायचं: एकदा कुणीतरी चारचौघांत मला माझ्या नावानं हाक मारावी.

ती वेळ आली, पण कशी आली ते ऐका. हंबीररावांचा मुलगा धैर्यशील शिकून आला आणि त्यानं विजेवर चालणारी भट्टी बसवली. त्या भट्टीचं तोंड मोठं. तिला भंगार फोडून द्यावं लागत नाही, अख्खं गिळते. पेट्यांनाही आता पकडीचे शिकंजे आले, त्यामुळे वजनांची गरज संपली. सगळी जुनी बिडाची वजनं एकेक करून भट्टीत गेली. त्यांच्याशी माझं कधी पटलं नव्हतं, पण जाताना वाईट वाटलं. शेवटी मी उरलो.

"ह्योबी टाका," धैर्यशील म्हणाला.

पिराजी घुटमळला. "लई वर्सं कामाला आलाय ह्यो, साहेब."

"कामाला आला म्हणून काय देव्हाऱ्यात ठेवायचा? लोखंड हाय, लोखंडात जाऊ दे."

त्यांनी मला साखळी बांधून वर उचललं. भट्टीच्या तोंडातून पांढरा उजेड येत होता. असा उजेड मी एकदाच पाहिला होता, पृथ्वीवर येताना. तेव्हा मी थोडा वितळलो होतो. आता सगळाच वितळणार होतो आणि कुठल्या तरी पंपात जाणार होतो. मी कोण होतो, हे मग कुणालाच कळलं नसतं. तिकडे मंगळावरचा तो मात्र पुस्तकांत राहणार होता. त्या क्षणीही मला भीती कमी आणि हेवा जास्त वाटत होता, हे कबूल केलेलं बरं.

तेवढ्यात कोअरच्या खोलीतून बायडाबाई आली. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. ती धैर्यशीलकडे गेली नाही. दाराशी खुर्चीवर म्हातारे हंबीरराव बसले होते, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मालक, त्यो गोळा टाकू देऊ नगा."

"का गं?"

तिची नजर भिंतीवरच्या त्या फोटोकडे गेलेली मी पाहिली. मला कळलं, आता ती सांगणार. सगळ्यांच्या समोर, हा वरनं पडलेला आहे म्हणून. साखळीवर लटकलेला असूनही माझं सगळं अंग कान झालं होतं.

"त्यो पन्हाळ्याचा तोफगोळा हाय," बायडाबाई म्हणाली.

भट्टीजवळचे सगळे थांबले. हंबीरराव खुर्चीतून पुढे झुकले. "काय सांगतीस?"

"माझ्या म्हायेरच्या रानात घावलाय. कोडोलीत. गडाच्या पायथ्यालाच की. आमचा दादा पूजा करायचा त्येची."

"मग इतकी वर्सं बोलली न्हाईस ती?"

"इतकी वर्सं कुणी भट्टीत टाकत नव्हतं, मालक."

धैर्यशील म्हणाला, "बायडाक्का, तोफगोळा गोल असतोय."

"दगडावर आपटल्यावर गोल ऱ्हाईल व्हय, साहेब?"

हे तिच्या भावाचं जुनं वाक्य. ते कोडोलीत एका पावण्यापुढे हरलं होतं. इथे पावणे नव्हते. इथे हंबीरराव होते आणि त्यांच्या डोक्यात पन्हाळगड होता. ते उठले, पायातल्या चपला बाजूला काढल्या आणि सावकाश चालत भट्टीपाशी आले. "गडाचा गोळा वितळवायचा? आणि माझ्या फौंड्रीत? उतरवा त्येला खाली," ते म्हणाले. मला उतरवलं. त्यांनी वाकून मला हात लावला आणि तो हात छातीला लावला. मागून धैर्यशीलनंही नमस्कार केला. पिराजी तर इतकी वर्षं माझ्यावर बसला होता, तो कान पकडून उभा राहिला.

मी वाचलो, मित्रांनो. आणि मला इतका राग आला की काय सांगू. एवढ्या लोकांसमोर माझं नाव तिच्या ओठावर आलं होतं आणि तिनं ते गिळून टाकलं. पुन्हा तेच दुसऱ्याचं नाव, तोच उसना मान. फौंड्रीच्या फाटकाजवळ सिमेंटचा कट्टा झाला, मला काळा रंग फासला गेला आणि पाटी लागली: "पन्हाळगडावरील तोफगोळा. हात लावू नये." पुढच्या खंडेनवमीला मला सगळ्यात मोठी माळ मिळाली, घणापेक्षाही मोठी. तीसुद्धा मला गोड लागली नाही.

मी किती दिवस तसाच फुगून होतो कोण जाणे. एके दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बायडाबाई एकटीच कट्ट्यापाशी आली. तिनं भाकरीचं फडकं सोडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं होतं तरी माझ्या एका खड्ड्यात अंगठा ठेवला. तो तिथे बरोबर बसला.

"रागावलास व्हय?" ती म्हणाली. बैलाशी बोलावं तशी ती माझ्याशी बोलत होती. "खरं सांगितलं आसतं तर हसत हसत टाकला आसता तुला. खोटं सांगितलं, तर मंडळी चपला काढून पाया पडली. मी तरी काय करू?" मग भाकरी मोडत म्हणाली, "मला ठावं हाय तू कुठनं आलाईस ते. बास की."

तेव्हा मला त्या मंगळावरच्या नावाची आठवण झाली. कवचाचा दगड. म्हणजे गाडीनं टाकून दिलेल्या भंगाराशेजारी सापडला म्हणून भंगाराचंच नाव त्याला मिळालं. त्याचंही नाव उसनंच. हे मी पहिल्या दिवशीच ऐकलं होतं, पण हेव्यानं कान भरलेले असले की असलं काही आत जात नाही. शिवाय ती गाडी त्याच्यापाशी थोडे दिवस थांबली आणि पुढे निघून गेली. बायडाबाई रोज दुपारी येते.

म्हणून माझा हेवा गेला असं समजू नका. २००९ साली त्याच गाडीला मंगळावर आणखी एक लोखंडी अशनी सापडला, पहिल्यापेक्षा मोठा. बायडाबाईनं ते मला वाचून दाखवलं आणि माझ्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. ती हसली आणि उरलेल्या कागदानं तिनं माझ्यावरची धूळ पुसली.

मित्रांनो, कधी उद्यमनगरातून जाणं झालं तर फाटकाजवळ थांबा. पाटी वाचू नका, ती खोटी आहे. काळ्या रंगाखाली खड्डे शोधा आणि त्यात अंगठा ठेवून बघा. तुमच्या रानात, परसात, भंगारात असा कुणी जड आणि वाकडातिकडा पडला असेल तर त्याला लगेच नाव देऊ नका. आधी दोन्ही हातांनी उचलून बघा. आणि माझ्यापाशी याल तेव्हा हात तेवढा कोरडा असू द्या. मंगळावर पाऊस नाही. इथे आहे, आणि मला गंज लवकर चढतो.